मुलीचे मन कच्चे नाही, ड्यूटी चुकीची होती

प्रश्न : बारावीनंतर जीडीएचा (रुग्णसाहाय्यकाचा) कोर्स करून माझी मुलगी (वय २१) पुण्यात काळजीवाहक पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे चोवीस तासांच्या ड्यूटीवर राहत होती. दीड महिन्यापूर्वी आजी वारल्या. त्याच संध्याकाळी हिशेब करून तिला घरी पाठवले. तेव्हापासून ती नीट जेवत नाही, रात्री दचकून उठते, नवी ड्यूटी नको म्हणते. धाकट्याची इंजिनिअरिंगची फी तिच्या पगारातून जाते. तिचे मन घट्ट कसे करावे? की जीएनएमला (नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला) घालावे?
– एक आई, जि. सांगली

उत्तर : आपल्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकले ते ‘मन घट्ट’ हे शब्द. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. त्या घरात हे काम दुसरे कोणी करत नसेल, तर आपली मुलगी तिथे असेपर्यंत एकदाही सलग दोन तासांहून अधिक झोपलेली नाही. अशा ड्यूटीत कोणाचेही मन खचेल.

काळजीवाहकाने रुग्णात जीव गुंतवू नये, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या हातांनी आजींना भरवले, न्हाऊ घातले, त्या हातांच्या मुलीला आजी गेल्यावर काहीच वाटले नसते, तर मला अधिक काळजी वाटली असती. घरच्यांना भेटायला माणसे येतात, त्यांचे दुःख सगळे मानतात. तिला मात्र पगार हातात देऊन निरोप दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून खचून जाण्याची, नोंद करताना तो कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणाचा परिणाम असल्याचे म्हटले आहे. म्हणजे सुधारायची आहे ती ड्यूटी.

आता फीविषयी स्पष्ट लिहितो. एकवीस वर्षांच्या मुलीच्या झोपेवर भावाचे शिक्षण उभे करणे अन्याय्य आहे, आणि घराची ओढाताण मला कळत असूनही मी हे म्हणतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी मुलगा पात्र ठरतो का, हे त्याने स्वतः महाविद्यालयात विचारावे आणि महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरावा; उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी.

दीड महिन्यानंतरही झोप आणि जेवण सुधारलेले नाही, म्हणून तिला या आठवड्यातच जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. जगणे नको, अशा अर्थाचे काहीही ती बोलली, तर एक दिवसही थांबू नका. एरवी तिला आजींविषयी बोलू द्या. ‘आता विसर’ असे म्हणू नका.

जीएनएम तीन वर्षांचे आहे आणि चांगले आहे, पण तो अर्ज ती सावरल्यावर, तिच्या इच्छेनेच भरला जावा. तिला याच कामात परतायचे असेल, तर बारा तासांहून अधिक ड्यूटी नको, आठवड्याची सुट्टी ब्युरोकडून लिहून घ्यावी, आणि एकटीने कोणाच्या घरी राहण्यापेक्षा जिथे चार सहकारी असतात असा वृद्धाश्रम किंवा रुग्णालय पाहावे. तोवर ब्युरोचा फोन आला तर तो आपण घ्या आणि ती सध्या येणार नाही, असे तिच्यासमोर सांगा.