इंजिन ऑइलसाठी बेस ऑइल कसं शुद्ध करतात आणि ते निवडताना काय बघतात?

निवडीपासून सुरू करतो, कारण नुसता व्हिस्कॉसिटीचा (दाटपणाचा) आकडा जुळवून बेस ऑइल, म्हणजे ॲडिटिव्ह मिसळण्याआधीचं मूळ तेल, निवडणाऱ्यांशी माझं कधीच पटलं नाही.

मी ब्लेंडिंग प्लांटच्या प्रयोगशाळेत होतो. ५डब्ल्यू-३० (थंडीतही पातळ राहणारं इंजिन ऑइल) साठी खरेदी विभागाने एकदा ग्रुप ३ ऐवजी ग्रुप २ चा हलका कट (डिस्टिलेशनमधून वेगळा काढलेला भाग) आणला; हे ग्रुप म्हणजे बेस ऑइलचे वर्ग, त्यांचे निकष खाली देतो. १०० अंशांची व्हिस्कॉसिटी बसली, थंडीतली क्रँकिंगची चाचणीही पास झाली. साहेब म्हणाले, "झालं की, भरा ड्रम." मी नोआक चाचणी लावली. त्यात तेल २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवायचं आणि वजन किती घटलं ते बघायचं. एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन या दर्जाची मर्यादा १५ टक्के. आमचं तेल ती ओलांडून गेलं. जाणारच! ग्रुप २ चा व्हिस्कॉसिटी इंडेक्स (व्हीआय, तापमान बदललं तरी दाटपणा किती टिकतो त्याचा आकडा) कमी, त्यामुळे थंडीत पातळ राहायला कट हलका घ्यावा लागतो आणि हलका कट पिस्टन रिंगांच्या उष्णतेत उडतो. व्हीआय इम्प्रूव्हर (व्हीआय वाढवणारं ॲडिटिव्ह) टाकून १०० अंशांचा आकडा गाठता येतो, उडणारं तेल थांबत नाही. "रिपोर्ट राहू दे," असं सांगण्यात आलं. मी सही केली नाही. शेवटी ग्रुप ३ घेऊन बॅच दुरुस्त केली, तरी 'लॅब माल अडवते' हे वर्षानुवर्षं ऐकलं. खराब माल अडवायलाच लॅब असते.

आता शुद्धीकरण. व्हॅक्यूम डिस्टिलेशनने कट वेगळे करतात. ग्रुप १ मध्ये फरफ्युरल किंवा एनएमपी या द्रावकाने अरोमॅटिक्स (वलयी रेणू) काढतात, मग एमईके-टोल्युइन या द्रावकांत थंड करून मेण गाळतात. ग्रुप २-३ मध्ये रेणूच बदलतात: हायड्रोक्रॅकिंगने अरोमॅटिक रिंगा मोडतात, गंधक जातं, कॅटॅलिटिक डीवॅक्सिंगमध्ये मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फुटतात. ग्रुप २ आणि ३ दोन्हींत सॅच्युरेट्स (संपृक्त हायड्रोकार्बन) किमान ९० टक्के, गंधक जास्तीत जास्त ०.०३ टक्के, व्हीआय १२० किंवा वर असेल तर ग्रुप ३. पीएओ (पॉलिअल्फाओलेफिन, कृत्रिम तेल) म्हणजे ग्रुप ४.

यावरून ग्रुप २ टाकाऊ समजू नका. १५डब्ल्यू-४० ला तो उत्तम चालतो. पीएओत ॲडिटिव्ह नीट विरघळत नाहीत, सील आकसतात, म्हणून एस्टर मिसळावं लागतं. ब्राइट स्टॉक, म्हणजे खूप जाड बेस ऑइल, हवा असेल तर आजही बहुधा ग्रुप १ कडेच जावं लागतं.

पण बेस ऑइल बदललं की तयार तेलाची नोआक, क्रँकिंग आणि एचटीएचएस (जास्त तापमान आणि जोरदार घासणीतली व्हिस्कॉसिटी) पुन्हा काढाच. एपीआयच्या १५०९ या दस्तऐवजात बेस ऑइल अदलाबदलीचे नियम आहेत, कुठल्या बदलाला कोणत्या इंजिन चाचण्या परत लागतात ते त्यात दिलंय. तो निर्णय खरेदी विभागाचा नाही.