पुस्तक उघडण्याआधी टेबलापाशी उभी राहा

प्रिय डॉक्टर,

एमडी अ‍ॅनाटमीची म्हणजे शरीररचनाशास्त्राची सीट मिळाल्याचं कळवताना तू लिहिलंस, 'क्लिनिकल मिळालं नाही म्हणून घेतलं.' पेशंट बघायची शाखा हुकली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आलेले बरेच जण याच वाटेने आले. फक्त ती सल मनात घेऊन पहिलं वर्ष घालवू नकोस. तीन वर्षं बघता बघता सरतात.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घे. डिसेक्शनच्या टेबलावर, म्हणजे देह उलगडताना, जे दिसतं ते आधी वहीत काढ, पुस्तक नंतर उघड. मी हे माझ्या चुकीतून शिकलो. पहिल्या वर्षी दंडाचं डिसेक्शन करत होतो. हातातल्या दोन नसांमध्ये, मस्क्युलोक्युटेनियस नर्व्हपासून मीडियन नर्व्हकडे, तिरकी जाणारी एक बारीक पांढरी दोरी लागली. आकृतीत ती नव्हती, म्हणून फॅशिया, म्हणजे स्नायूंवरचं पातळ आवरण, समजून साफ करून टाकली. सर राउंडला आले, चिमट्याने तुटकं टोक उचललं आणि एवढंच विचारलं, "ही कुठे जात होती?" मला नीट सांगता येईना. अशी जोडणारी शाखा बऱ्याच हातांत सापडते. पण त्या माणसाच्या हातात ती नेमकी कशी होती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. त्याने देह दिला तो आम्ही बघावा म्हणून, आणि मी न बघताच कापलं. आजही ते टोक डोळ्यांसमोर येतं.

बघून झालं की 'असं का?' हे विचार. स्वरयंत्राकडे जाणारी रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह घे. दोन्ही बाजूंना काम एकच, क्रायकोथायरॉइड हा एक स्नायू सोडून स्वरयंत्राचे स्नायू चालवायचे. उजवी नर्व्ह हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीला वळसा घालून मानेच्या बुडाशीच मागे फिरते. डावी मात्र छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि मग वर चढते. हा हेलपाटा कशाला? उत्तर एम्ब्रियॉलॉजीत, म्हणजे गर्भाच्या वाढीत आहे. गर्भाचं हृदय मानेकडून खाली सरकतं, तेव्हा दोन्ही नर्व्ह गर्भाच्या घशाभोवतीच्या कमानींपैकी सहाव्या कमानीच्या धमनीखालून वळलेल्या असतात. उजवीकडे त्या धमनीचा बाहेरचा भाग नाहीसा होतो आणि नर्व्ह मोकळी होऊन वर चौथ्या कमानीपाशी, म्हणजे पुढच्या सबक्लेव्हियनपाशी अडते. डावीकडे तोच भाग डक्टस आर्टेरिओसस, म्हणजे फुफ्फुसाची धमनी आणि महाधमनी जोडणारी गर्भातली नळी, होऊन जन्मापर्यंत टिकतो आणि नर्व्हला खालीच धरून ठेवतो. म्हणूनच आवाज बसलेल्या पेशंटची डावी व्होकल कॉर्ड (स्वरतंतू) हलत नसेल तर छातीही तपासावी लागते. फर्स्ट इयरच्या मुलांना हे खडूने फळ्यावर काढून दाखव, रंगीत खडू घे. वर्ग गप्प होतो, मी पाहिलंय.

हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊती बघण्याच्या, तयार स्लाइडवर भागवू नकोस. टिश्यू प्रोसेस करण्यापासून मायक्रोटोमवर त्याचे पातळ काप काढण्यापर्यंत सगळं टेक्निशियनजवळ बसून शीक, त्यांना खूप येतं. थिसिसचा विषय तुझ्या विभागातल्या देहांवर आणि हाडांवर होईल असाच घे. फिजिऑलॉजीच्या रेसिडेंटशी मैत्री ठेव, त्यांचे प्रश्न आपल्याला सुचत नाहीत.

आणि देहदान. गाडी रात्री-अपरात्री येते, ड्यूटीवर असलीस तर तूच खाली जाशील. कागदपत्रं तपासायचीच, पण आधी सोबतच्यांना खुर्च्या दे, पाणी विचार. शेवटचं दर्शन घेताना कुणाला घाई करू नकोस. 'आता पुढे काय करणार?' असं विचारलं तर खरं सांग: धमनीतून फॉर्मेलिनचं द्रावण भरून देह टिकवतो, मग त्यावर मुलं शिकतात. एकदा एक आजी सगळं ऐकून निघाल्या आणि दारातून परत आल्या. "यांच्या डाव्या मांडीत रॉड आहे बरं का," म्हणाल्या, "मुलांना आधीच सांगून ठेवा."

वहीच्या पहिल्या ओळीत मी तेच लिहिलं.

तुझे,
सर