आधी रिकामी जागा काढ

बाळा,

परवा पडवीत तुझ्या चित्रकथेची वही पुढे करून तू विचारलंस, ‘‘सर, चौथ्या भागात नायकाला मारलाय. आता सगळे म्हणतात परत आण. आणू की नको?’’ मी गप्प बसलो, ते तुला लागलं असणार. काल रात्रभर पाऊस लागला होता, झोप आली नाही. म्हणून लिहितोय.

आण की. लाडक्या नायकाला फार दिवस मेलेला कोण राहू देतं? सुपरमॅन नोव्हेंबर १९९२ मध्ये मेला, १९९३ मध्ये परतला. ‘फॅन्टास्टिक फोर’मधला ह्यूमन टॉर्च २०११ च्या सुरुवातीला गेला, वर्ष सरायच्या आत हजर. तू म्हणालीस, परतणार हे ठाऊक असताना वाचणाऱ्याने रडावं कशाला?

जत्रेला इतकी वर्षं जातेस ना गो? दशावतारात संकासुर राक्षस दर रात्री मरतो, त्याच्यासाठी कुणी डोळे पुसत नाही. पण पुढे आख्यानात राजा पडतो, राणीचं काम करणारा बाप्या त्याच्या उशाशी बसून विलाप सुरू करतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो, आणि थंडीत गोधडी पांघरून बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. हाच राजा पहाटे चहाच्या टपरीवर उभा दिसणार, हे त्या प्रत्येकीला माहीत असतं. तरी रडतात, कारण राणी उठायची घाई करत नाही. गेलेल्याची जागा ती पुरती रिकामी होऊ देते.

तेवढंच मला सांगायचंय. आधी रिकामी जागा काढ.

सुपरमॅन मेल्यावर पुढचे कितीतरी अंक मागे राहिलेल्यांचे होते. त्याचे आईवडील गावाकडच्या घरात बसून त्याची अंत्ययात्रा टीव्हीवर बघतात. हा आमचा मुलगा, असं जगाला सांगायची त्यांना सोय नाही. ज्या मारामारीत तो मेला तिच्यापेक्षा मला ती दोघं आठवतात. मग चौघे जण त्याच्या जागेवर हक्क सांगत येतात. जागा रिकामी दिसली होती म्हणूनच तिच्यासाठी भांडणं शोभली.

बॅटमॅनचा साथीदार, दुसरा रॉबिन, जेसन टॉड, त्याचं काय झालं बघ. १९८८ मध्ये वाचकांना फोनवरून मत द्यायला सांगितलं. मरावा म्हणणारे ५३४३, जगावा म्हणणारे ५२७१. ७२ मतांनी पोरगं गेलं. ही धंद्याची युक्ती होती, मला ती आजही आवडत नाही. पण नंतर बॅटमॅनच्या गुहेत त्याचा पोशाख काचेच्या कपाटात उभा राहिला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. २००५ मध्ये जेसन परतला तो जाब विचारत: मला मारणारा जोकर अजून जिवंत कसा? ते परतणं त्या कपाटातूनच आलं होतं.

आणि आता माझं. एका साप्ताहिकात माझी चित्रकथा यायची. होडीवरचा पोरगा, अंगात भरतीचं बळ. मी त्याला वादळात बुडवला. संपादक म्हणाले, खप पडेल, परत आणा. तिसऱ्या आठवड्यात तो किनाऱ्याला लागला, शुद्धीवर आला, संपलं. आमच्या घरी मासे घेऊन येणारी बाई मुलाकडून ती गोष्ट वाचून घ्यायची. तिने मला एवढंच विचारलं, ‘‘तेची आवस खंय होती?’’

आवस, त्याची आई, मी काढलीच नव्हती. होडी यायला उशीर झाला की पुळणीवर बायका कशा उभ्या राहतात हे लहानपणापासून बघत आलेला मी, एक चौकटसुद्धा दिली नाही. त्यानंतर त्या पोरावर कसलंही संकट आणलं तरी कुणाला धडकी भरेना.

पुढच्या चित्रकथेत नायक मेला तेव्हा मी अडून बसलो. तीन भाग फक्त त्याच्या घराचे देईन, मग बघू, म्हटलं. चित्रकथा बंद झाली. मुलीची फी भरायची होती, घरात बोलणी खाल्ली. लोक आजही म्हणतात, हट्ट नडला. नडू दे. पहिल्या वेळी ऐकलं त्याचं मला अजून वाईट वाटतं, दुसऱ्या वेळचं नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणी काय केलं असतं ते मला सांगू नकोस.

तुझी वही पुन्हा उघडली. स्फोटाला अकरा चौकटी. बहिणीला एक, तीही पाठमोरी! चेहरा काढायला भ्यालीस ना? तुझा हात चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला, म्हणून राग येतो. परत आणायचा तर आण, नको तर नको, तो तुझा अधिकार. पण आधी त्याच्या बहिणीने दोन ताटं मांडून एक परत उचललेलं मला दिसू दे. त्याच्या चपला कुणी हलवल्या ते दिसू दे.

शनिवारी ये. पाचव्या भागाची पहिली आठ पानं पेन्सिलीत आण, शाई लावू नकोस. त्या आठ पानांत तो कुठेही दिसता कामा नये.

तुझे सर