आईला न वाचता येणारी डायरी

प्रिय मित्रा,

कादंबरीचा खर्डा एका बैठकीत वाचून संपवला. नायिका जन्मांध, दहावीतली. वसतिगृह, मैत्रिणींची भांडणं, सगळं छान उतरलंय. पण एक गोष्ट राहून राहून खटकली. दोनशे पानांत ही पोरगी कुणापासून काहीच लपवत नाही. अरे, पंधराव्या वर्षी?

मी काही वर्षं दहावीच्या पेपरांना अंध मुलींची रायटर म्हणून बसत असे. तीन तासांच्या पेपरला एक तास जास्तीचा मिळतो. ते चार तास तिचं न येणारं उत्तरही माझ्या हातूनच कागदावर जायचं. चिठ्ठी असो, फॉर्म असो, औषधाची बाटली असो, वाचायला बहुतेकदा दुसरं कुणीतरी. खासगी असं तिच्या वाट्याला किती थोडं येतं बघ. तुझी गोष्ट तिथे दडलीय.

तिला ब्रेलमध्ये डायरी लिहू दे. ब्रेलच्या पाटीत जाड कागद अडकवून ती स्टायलसनं, म्हणजे टोकदार टोच्यानं, उजवीकडून डावीकडे टोचत जाते, कारण टिंबं मागच्या बाजूला उठतात. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे बोट फिरवत वाचायचं. ‘क’ म्हणजे दोन टिंबं. आईच्या हाती ती वही लागली तरी तिच्या लेखी नुसती खडबडीत पानं. पण रात्री स्टायलसची टक् टक् भिंतीपलीकडे ऐकू येते. लेक काहीतरी लिहितेय एवढं कळतं, काय ते कळत नाही. मग आई गुपचूप ब्रेल शिकायला लागली तर?

लुई ब्रेलनं १८२४च्या सुमारास ही लिपी बसवली, तेव्हा तोही पंधराच वर्षांचा होता. हे पुस्तकात घालू नकोस, लिहिताना तुझ्याजवळ असू दे.

फोनचंही तसंच. सरावलेल्या मुली टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फोनमधला आवाज, इतका भरधाव ठेवतात की शेजारच्याला नुसती गुणगुण वाटते. पण इअरफोन घरी राहिला आणि एखाद्या मुलाचा मेसेज भर एसटीत मोठ्यानं वाचला गेला, तर? हा प्रसंग मला हवाच आहे.

दिसेल त्याचा चेहरा चाचपणं काढून टाक, ते सिनेमातलं आहे. शेवटचं ऑपरेशनही नको, कळवळून सांगते. तिला दृष्टी आली की आपण इतका वेळ जिच्यासोबत होतो ती मुलगीच हरवते.

आधी चौथं प्रकरण नव्यानं लिहून पाठव. डायरी आईच्या हाती पडते तो प्रसंग तू कुणाच्या बाजूनं लिहितोस, ते मला वाचायचंय.

तुझी,
ताई