अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या चेरी काउंटीत एवढी जमीन असून पिकं का घेत नाहीत? लोक जगतात कशावर?

मुख्यतः गाईगुरांवर, कारण ही जमीन म्हणजे गवताने धरून ठेवलेले वाळूचे डोंगर आहेत; नांगर घातला की वाळू वाऱ्यावर उडू लागते. १९०४ च्या किंकेड कायद्याने इथे माणशी ६४० एकर दिले, तरी नांगरणी करणारे बरेच जण टिकले नाहीत. जमिनीखाली पाणी मात्र भरपूर, अगदी उथळ. माळावर एकटी पवनचक्की, खाली गोल टाकी आणि भोवती काळ्या गाई, हे दृश्य जागोजागी दिसतं. काउंटी कनेक्टिकट राज्याहून मोठी, पण २०२० च्या जनगणनेत माणसं फक्त ५,४५५. त्यातली निम्मी एकट्या व्हॅलेंटाइन गावात. तिथे नायोब्रारा नदीवरच्या पर्यटनावरही काही घरं चालतात.