पारडीचा भाव

प्रश्न : सर, माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो. गणपतीला आला होता, तेव्हा सांगत होता की तिकडे बेसबॉलचे संघ सोळा वर्षांच्या परदेशी पोराला वीस-पंचवीस कोटी रुपये देतात आणि त्या पोराने एकही मोठी मॅच खेळलेली नसते. हे खरं का? खरं असेल तर असला व्यवहार करणारी माणसं येडी म्हणायची का शहाणी? माझा मुलगा नववीत आहे, सॉफ्टबॉल खेळतो, म्हणून विचारलं. — एक पालक, फुलेवाडी

उत्तर : पुतण्या खोटं बोलत नाही, उलट कमीच सांगतोय. 2023 च्या जानेवारीत सॅन डिएगो पाद्रेस या संघाने व्हेनेझुएलात वाढलेल्या ईथन सालास नावाच्या कॅचरला, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्याला, 56 लाख डॉलर दिले. आपले पंचेचाळीस कोटींच्या वर झाले. पोरगं सोळा वर्षांचं. परदेशी पोरांसाठी त्या वर्षी पाद्रेसना जेवढा पैसा खर्चायची मुभा होती, ती जवळपास सगळी या एकट्यावर संपली.

येडी का शहाणी, ते सांगायच्या आधी आमच्या घरचं सांगतो. मी सातवीत असताना वडील मला वडगावच्या जनावरांच्या बाजाराला घेऊन गेले. पारडी घ्यायची होती. ती दुधाला यायला अजून दोन-अडीच वर्षं होती. वडिलांनी तिचे दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, मानेजवळची कातडी चिमटीत धरून सोडली आणि मालकाला विचारलं, "हिची आई कुठाय?" आईची कास बघितल्याशिवाय भावाचं बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. मग दलालाने उपरणं टाकलं. त्याखाली बोटांची दाबादाबी झाली. दलाल दोनदा उठून गेला, दोनदा परत आला. शेवटी जो भाव ठरला, तो अजून न दिलेल्या दुधाचा होता. ती पारडी आमच्याकडे चार वर्षं राहिली आणि एकदाही गाभण गेली नाही.

पोरांची तुलना जनावराशी केली म्हणून कुणाला राग येईल. यायलाच पाहिजे. पण डोमिनिकन रिपब्लिकमध्ये संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, पोरांना साठ यार्ड पळायला लावतात, हातात घड्याळ धरतात, खांद्यातनं चेंडू कसा सुटतो ते बघतात, मनगटं बघतात, बाप किती उंच आहे ते बघतात. आईची कास बघणं आणि हे, यात मला तरी फार फरक दिसत नाही.

आणि फसतातही तसेच. 2008 मध्ये ओकलंडच्या संघाने मायकेल यनोआ नावाच्या सोळा वर्षांच्या उंचापुऱ्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, 42 लाख 50 हजार डॉलर दिले. पुढे हाताचं दुखणं मागे लागलं. तो मोठ्या लीगमध्ये, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, पोचला 2016 साली, तेही शिकागोच्या व्हाइट सॉक्सकडून. ओकलंडसाठी मोठ्या मैदानावर त्याने एक चेंडू टाकला नाही. उलट होसे अल्तुवे बघा. व्हेनेझुएलात ह्यूस्टन अॅस्ट्रोजच्या निवड चाचणीला गेला, तर तू फार बुटका आहेस, उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. गडी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन उभा राहिला. 2007 मध्ये त्याला मिळाले 15 हजार डॉलर, त्या वेळच्या भावाने सहा लाख रुपये. 2017 मध्ये तोच अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघात असल्या बुटक्या गड्याला "ह्यो कुठं खेळतोय" म्हणून बाजूला बसवायचे आणि तोच पुढच्या मोसमात शाहू स्टेडियमवर दोन गोल टाकून जायचा. मी गोलकीपर होतो, त्यामुळे ते दोन गोल कसे बसतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

अॅस्ट्रोजनीच पुढे या स्वस्ताईचा नाद केला. फ्रांबर वाल्देझ 10 हजार डॉलर, क्रिस्टियन हावियेर 10 हजार डॉलर. 2022 च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम मालिकेच्या, चौथ्या सामन्यात अॅस्ट्रोजविरुद्ध फिलाडेल्फियाला एकही हिट मिळाली नाही. त्यातल्या पहिल्या सहा इनिंग या हावियेरने टाकल्या होत्या. एवढी पोरं एवढ्या स्वस्तात का मिळाली? सोळाव्या वर्षी कुणी घेतली नव्हती म्हणून. सह्या झाल्या तेव्हा वाल्देझ एकवीस वर्षांचा होता, म्हणजे त्या बाजारात म्हाताराच.

मला विचाराल तर सगळी थैली एका पोरावर उधळणं मला पटत नाही. पण दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. हुआन सोटोला 2015 मध्ये 15 लाख डॉलर मिळाले होते, व्लादिमिर गरेरो ज्युनियरला त्याच वर्षी 39 लाख. दोन्ही पैसे वसूल झाले, नुसते वसूल नाही, कैक पटीने. सोटोचा न्यूयॉर्क मेट्सशी 2024 च्या डिसेंबरमध्ये झालेला करार 76 कोटी 50 लाख डॉलरचा आहे. बॅट उत्तम चालवणारं पोरगं लहानपणीच नजरेत भरतं, पिचर मात्र उशिरा पिकतो, असं माझं मत. त्यावर भांडायला कुणीही मिरजकर तिकटीला यावं.

आणि एक, हे पंचेचाळीस कोटी आपल्याला डोळे पांढरे करणारे वाटले तरी तिकडच्या हिशेबात स्वस्त आहेत. अमेरिकन कॉलेजातली पोरं वेगळ्या ड्राफ्टमधून येतात, म्हणजे संघ पाळीपाळीने त्यांची निवड करतात. त्याच 2023 साली ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या पॉल स्कीन्सला पिट्सबर्गने 92 लाख डॉलर दिले. तेवढा पैसा त्या वर्षी एकाही संघाच्या परदेशी पोरांच्या अख्ख्या मूळ पूलमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या रकमेत, नव्हता. डोमिनिकन रिपब्लिकच्या सँतो दोमिंगोचं पोरगं पंधरा-वीस जणांत वाटून जेवतं आणि अमेरिकेचं पोरगं एकटं ताट घेऊन बसतं. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, माणसं शहाणी आहेत. जरा जास्तच.

प्रश्न : सर, तो 'पूल' काय असतो? आणि रोकी सासाकी तर जपानमध्ये आधीच मोठा खेळाडू होता, मग तो या पोरांच्या पैशात कसा मोजला? — अकरावी कॉमर्स, राजारामपुरी

उत्तर : कॉमर्सवाली आहेस, लगेच कळेल तुला. आधी मर्यादाच नव्हती. 2012 मध्ये ती आली, पण मऊ. ओलांडली तर दंड भरायचा आणि पुढे काही काळ मोठे बोनस, म्हणजे सहीचे पैसे, द्यायचे नाहीत. श्रीमंत संघ दंड भरून मोकळे व्हायचे. 2015 मध्ये बोस्टनने क्यूबाच्या योआन मोन्काडाला 3 कोटी 15 लाख डॉलर दिले आणि तेवढाच दंड वर भरला. शेवटी 2017 पासून कडक मर्यादा आली. आता प्रत्येक संघाला ठरलेली रक्कम, तोच पूल. 2025 मध्ये छोट्या गावच्या संघांना जास्तीत जास्त 75 लाख 55 हजार 500 डॉलर होते आणि महागडे खेळाडू पळवलेल्या संघांना शिक्षा म्हणून कापून 51 लाखांच्या आसपास. 10 हजारांपर्यंतचे बोनस यात धरत नाहीत. दुसऱ्या संघाला एखादा खेळाडू देऊन त्याच्या पूलमधला हिस्सा घेता येतो, पण आपल्या मूळ रकमेच्या साठ टक्क्यांपर्यंतच. सह्या 15 जानेवारीपासून सुरू होतात. पूर्वी 2 जुलैला व्हायच्या.

आता सासाकी. पंचविशीच्या आतला परदेशी खेळाडू नियमाने 'अमॅच्युअर', म्हणजे हौशी, मग मायदेशी तो किती का गाजलेला असेना. सासाकी तेविसाचा होता. जपानचाच ओहतानीही 2017 मध्ये तेविसाचाच होता, म्हणून एंजल्स संघाकडून त्याला 23 लाख 15 हजार डॉलरच मिळाले. दोन वर्षं थांबला असता तर दहापटीच्या वर गेला असता. 2025 च्या जानेवारीत डॉजर्स संघाने सासाकीला 65 लाख डॉलर दिले. त्यांचा मूळ पूल एवढा नव्हताच. त्यांनी फिलाडेल्फिया आणि सिनसिनाटीला एकेक तरुण खेळाडू देऊन पूल वाढवला.

बातम्यांत सासाकीचा हसरा चेहरा आला. मला वाईट वाटलं ते दुसऱ्याच पोरांचं. डॉजर्सशी आधी तोंडी ठरलेल्या काही पोरांना ऐन वेळी दुसरा संघ धरावा लागला. हे 'तोंडी ठरणं' म्हणजे काय? नियमाने सही सोळाव्या वर्षी, पण बोलणी तेराव्या-चौदाव्या वर्षीच होऊन गेलेली असतात. आपल्याकडे जमीन अडवायची तर विसार द्यावा लागतो, विसारपावती होते. इथे विसार नाही, पावती नाही. पोरगं त्या शब्दावर शाळा सोडतं, बाप कर्ज काढतो आणि सही जवळ आली की संघ म्हणतो, पैसे संपले. मर्यादा घातली म्हणून घासाघीस थांबली नाही, ती पोरांच्या आणखी कोवळ्या वयात सरकली. परदेशी पोरांसाठी ड्राफ्ट आणायची बोलणी 2022 च्या जुलैमध्ये फिसकटली, त्यामुळे हे असंच चालू आहे.

चोरवाटाही निघतात. एकाच्या नावावर फुगवून बोनस दाखवायचा आणि पैसा दुसऱ्याकडे वळवायचा, असले प्रकार अटलांटाने केले. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे तेरा खेळाडू मोकळे केले गेले आणि जनरल मॅनेजर जॉन कोपोलेला यांच्यावर कायमची बंदी आली. ती पुढे 2023 मध्ये उठली. मोकळ्या झालेल्यांत केविन माइतान होता, 42 लाख 50 हजारांचा. एंजल्सनी त्याला वर आणखी 22 लाख दिले. दोनदा पैसे मिळाले, मोठी लीग एकदाही मिळाली नाही.

प्रश्न : तिकडेही वयाची चोरी चालते म्हणे? आणि पोरांना तयार करणारे जे दलाल असतात, ते आपल्या वस्तादासारखेच का? — कागलहून एक जुना पैलवान

उत्तर : चालते. वॉशिंग्टन नॅशनल्सनी 2006 मध्ये एस्मैलिन गोंझालेझ नावाच्या सोळा वर्षांच्या पोराला 14 लाख डॉलर दिले. 2009 मध्ये कळलं की नाव कार्लोस अल्वारेझ लुगो आणि सही केली तेव्हा वय वीस.

पण मी दगड उचलणार नाही. माझी स्वतःची जन्मतारीख 1 जून आहे. तुमचीही असेल, पैलवान. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, आई म्हणाली, "पाऊस पडायच्या आधी झाला," झालं, 1 जून. माझ्या सॉफ्टबॉलच्या टीममधला एक पिचर होता, करवीर तालुक्यातला, डाव्या हाताचा. विभागीय स्पर्धेला गेलो तर शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत दुसरी, अकरा महिन्यांचा फरक. टेबलावरच्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, माझ्याकडे बघितलं आणि नाव कापलं. पोरगं आदल्या रात्रीच पायमोजे धुऊन खिडकीला वाळत घालून झोपलं होतं. ते तसेच कोरडे पिशवीत घालून त्याने परतीची एसटी धरली. कागद आधी मी तपासायला पाहिजे होते. चूक माझी.

दलालांना तिकडे 'बुस्कोन' म्हणतात, म्हणजे शोधणारा. पोराला बारा-तेरा वर्षांचं असताना घरात ठेवायचं, खाऊ घालायचं, सराव करून घ्यायचा आणि सही झाली की बोनसमधले तीस टक्के, कधी त्याहून जास्त कापून घ्यायचे. वस्तादाशी तुलना केलीत म्हणजे आता तुम्ही प्राचार्य खर्डेकरांचं नाव काढणार, खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला घर गहाण टाकलं आणि टक्का मागितला नाही, म्हणून. खरं आहे, आणि सांगताना माझाही गळा भरून येतो. पण खर्डेकर किती निघाले? गंगावेशीत दूध आणि बदाम रोजच्या रोज विकत घेऊन पैलवान पोसणाऱ्या वस्तादाला मी जवळून बघितलंय. पोराने मैदान मारलं की इनामातला वाटा त्याच्याही डोळ्यासमोर असायचा, आणि का नसावा? बुस्कोन दहा पोरं पोसतो, सही एखाद्याचीच होते. उरलेल्या नऊ जणांचं जेवण कुणाच्या खिशातून जातं? मला राग टक्क्याचा नाही. पोरगं जाडजूड लवकर दिसावं म्हणून त्याला कसल्याही सुया टोचणारे त्यांच्यात निघतात, त्यांचा आहे. अंगापिंडावर भाव ठरतो म्हटल्यावर हे होणारच.

प्रश्न : आपल्या पोरांना यातलं काही मिळेल का? — पहिलेच पालक, पुन्हा

उत्तर : तुम्ही पत्र पाठवल्यावर आठ दिवसांत दुसरं पाठवलंत! ऐका. 2008 मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पिट्सबर्गने घेतले. त्यांनी त्याआधी बेसबॉल हातात धरला नव्हता. मोठ्या लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकू पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत गेला, म्हणजे शेवटी पैलवानच झाला.

तुमच्या मुलाला रविवारी सकाळी साडेसहाला गांधी मैदानावर पाठवा. पायात बूट असू देत, चप्पल नको. आणि येताना दाखल्याची झेरॉक्स आणि जन्मनोंदीची झेरॉक्स, दोन्ही.