शेळीच्या कच्च्या दुधातून बाळाला लिस्टेरिया होऊ शकतो का?

दादा, तुमच्या वहिनी सातव्या महिन्यात आहेत, घरची शेळी आहे आणि त्यांना रोज धारोष्ण दूध देतात. यातून बाळाला लिस्टेरिया, म्हणजे कच्च्या दूध-अन्नातून येणाऱ्या जंतूचा आजार, होईल का, असं विचारलंय. होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर बाळाच्या जिवावर बेततं. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागात, स्टाफ नर्स आहे, म्हणून सांगते.

दूध बंद करू नका, उकळून द्या. चांगली उकळी आली की हा जंतू मरतो. फ्रीजवर मात्र विसंबू नका, ४ अंशांच्या थंडीतही तो वाढतच राहतो. आणि मेथीचा घोळाना (कच्च्या मेथीची कोशिंबीर), पाथरीची कच्ची पानं बाळंतपणापर्यंत नकोत. १९८१ साली कॅनडात नोव्हा स्कोशियात कोबीतून याची साथ आली होती. त्या शेताला मेंढ्यांचं खत होतं, आणि त्याच कळपातल्या मेंढ्या या रोगानं दगावल्या होत्या. आपल्याकडेही रानात मेंढरं बसवतातच की!

पण खाण्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती वहिनींच्या तापाची. हा आजार आईला किरकोळच वाटतो. कणकण, अंगदुखी, कधी जुलाब. घरचे म्हणतात हवा बदलली, एक गोळी देतात, ताप उतरतो. तोवर जंतू रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात गेलेला असू शकतो. खाल्ल्यावर कित्येक आठवड्यांनीही ताप येऊ शकतो, तेव्हा दुधाची आठवण कुणाला राहणार? म्हणून ताप आला की डॉक्टरांना कच्च्या दुधाचं स्वतःहून सांगा आणि रक्ताच्या कल्चरबद्दल, म्हणजे रक्तात जंतू आहे का ते बघणाऱ्या तपासणीबद्दल, विचारा. वेळेत अँपिसिलिन हे अँटिबायोटिक मिळालं तर बाळ वाचू शकतं. गावात तापावर सर्रास सेफ्ट्रिअॅक्झोनचं इंजेक्शन देतात, त्याला हा जंतू दाद देत नाही.

बाळाला हा आजार जन्मतःच असला तर ते बहुतेकदा अपुऱ्या दिवसांचं असतं, धाप लागते, कधी गर्भजल हिरवट येतं. ते दवाखान्यातच कळतं. फसवतो तो दुसरा प्रकार: पूर्ण दिवसांचं, छान दूध पिणारं बाळ घरी जातं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मेंदूच्या आवरणाला सूज येते. दूध ओढत नाही, सुस्त पडतं, अंग तापतं किंवा उलट गार पडतं, टाळू फुगते, झटके येतात. आशाताई ७, १४, २१ व्या दिवशी येतात, पण त्यांची वाट पाहू नका. मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या असतील तर ओवाळा, पण आधी १०८ ला फोन लावून.

खरं तर आमच्याकडे येणाऱ्या आजारी बाळांत दुसरेच जंतू जास्त सापडतात, आणि लक्षणं सारखीच असतात. म्हणून रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतात, बहुधा अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. लिस्टेरिया निघाला तर साधारण १४ दिवस, मेंदूपर्यंत गेला असेल तर २१ दिवस. सरकारी रुग्णालयात याचे पैसे लागत नाहीत, तेव्हा बाळ दूध प्यायला लागलं म्हणून मध्येच डिस्चार्ज मागू नका.